शहरातील पाळकीय सेवेसाठी ईशज्ञानाचे शिक्षण कसे असावे?

विचारलेला प्रश्न असा आहे: एका ईशज्ञान (म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र) विद्यालयाच्या, अर्थात पाळक (चर्चचे धार्मिक सेवक) घडवणाऱ्या संस्थेच्या, पदवी अभ्यासक्रमात ‘शहरी सेवाकार्य’ हा नवा विषय घालण्याचा विचार चालू आहे, तेवढ्याने विद्यार्थी मोठ्या शहरांतील मंडळ्यांच्या, म्हणजे ख्रिस्ती उपासक समूहांच्या, सेवेसाठी तयार होतील का, आणि होणार नसतील तर नेमके काय बदलावे लागेल? माझे उत्तर आधीच सांगतो. एक विषय वाढवल्याने फारसे काही साधणार नाही. शिक्षण कोठे दिले जाते, कोणाला दिले जाते, दिवसाच्या कोणत्या वेळी दिले जाते आणि विद्यार्थ्याने केलेले काम त्याच्यासोबत बसून कोणी अनुभवी माणूस तपासतो की नाही, या बाबी जशा आहेत तशाच राहिल्या तर नवा विषय वेळापत्रकात दिसेल आणि गुणपत्रिकेत उतरेल, पण पाळकाच्या कामात उतरणार नाही. शहरातील मंडळीत काम करून नंतर अध्यापनाकडे आणि विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्याच्या, म्हणजे मंडळ्यांतील त्यांच्या प्रत्यक्ष कामाच्या, देखरेखीकडे वळलेला माणूस म्हणून मी हे लिहितो आहे, आणि या चारांपैकी शेवटची बाब मला सर्वांत निर्णायक वाटते.

निवासी विद्यालयाची आपली जी घडण आहे, तिच्यामागे एक विशिष्ट मंडळी गृहीत धरलेली असते. त्या मंडळीला ठरलेली हद्द असते, तिची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या एकाच ठिकाणी राहतात, पाळक पूर्ण वेळ वेतनावर असतो आणि त्याचे शिक्षण कामाला लागण्यापूर्वी पुरे झालेले असते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आकडेवारीनुसार 1950 साली जगातील सुमारे 30 टक्के लोक शहरांत राहत होते. 2007 च्या सुमारास हे प्रमाण निम्म्यावर गेले आणि 2050 पर्यंत ते दोनतृतीयांशांच्या थोडे पुढे जाईल असा अंदाज 2018 मध्ये मांडला गेला. या शहरांतल्या मंडळ्या बहुधा वर सांगितल्यासारख्या नसतात. भाड्याच्या सभागृहात रविवारी दोन तास जमणारी, चार भाषा बोलणारी, दर वर्षी निम्मी माणसे बदलणारी मंडळी तेथे नित्याची असते. तिचा पाळक आठवडाभर दुसरीकडे नोकरी करतो आणि त्याने कोणत्याही विद्यालयाचे दार पाहिलेले नसते, असेही वारंवार आढळते. म्हणजे शहरात सेवा करणारी माणसे आधीच कामाला लागलेली आहेत आणि शिक्षण त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नाही. विद्यालयांनी मात्र प्रश्न उलटा मांडला: आमच्याकडे शिकणारा तरुण पुढे शहरात कसा टिकेल?

बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील अठरावा आणि एकोणिसावा अध्याय या दृष्टीने मी विद्यार्थ्यांकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतो. सम्राट क्लौद्याच्या हुकुमामुळे रोम सोडावे लागलेले अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे करिंथात तंबू करण्याचा व्यवसाय करत होते, आणि प्रेषित पौल त्यांच्याच घरी राहून तेच काम करत होता. पुढे इफिसात अपुल्लोस येतो. तो आलेक्सांद्रियाचा, वक्तृत्वसंपन्न आणि शास्त्रात पारंगत. तरी त्याचे ज्ञान योहानाच्या बाप्तिस्म्यापाशीच थांबलेले होते. त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून देणारे होते तेच कारागीर पतिपत्नी, आणि कथनात प्रिस्किल्लेचे नाव आधी येते. त्यानंतर पौल तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षे रोज वादसंवाद करतो. काही प्राचीन हस्तलिखिते तर ही वेळ पाचव्या तासापासून दहाव्या तासापर्यंतची, म्हणजे साधारण सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंतची देतात. उन्हाच्या वेळी कामधंदा थांबे, सभागृह रिकामे असे आणि श्रमिकांना सवड मिळे, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. मूळ संहितेत हे शब्द होते की नव्हते हा वाद बाजूला ठेवला तरी, ज्याने कोणी ते लिहिले त्याला शहरातील शिक्षणाची अडचण ठाऊक होती एवढे नक्की. त्याच अध्यायात देमेत्रिय सोनार आपला अर्तमी देवीच्या चांदीच्या देव्हाऱ्यांचा व्यापार बुडेल म्हणून दंगल पेटवतो. शहरातील उपदेशाला अर्थकारणाचा धक्का लागतोच, हे तेथे उघड दिसते.

आधुनिक काळातला अनुभवही हेच सांगतो. वॉल्टर राउशेनबुश 1886 मध्ये न्यूयॉर्कमधील ‘हेल्स किचन’ या गरीब वस्तीलगतच्या जर्मन बाप्तिस्त मंडळीचा पाळक झाला. लोकांचे आत्मे तारावेत या सरळ हेतूने गेलेल्या या तरुणाला बेकारी, कोंदट घरे आणि लहान मुलांच्या एकामागून एक होणाऱ्या अंत्यविधींनी गाठले. या प्रश्नांना आपल्या शिक्षणात उत्तर नाही हे त्याला कळले, आणि तेथे काढलेल्या अकरा वर्षांतून त्याचे पुढचे सामाजिक ईशज्ञान उभे राहिले. तो नंतर रोचेस्टरच्या विद्यालयात प्राध्यापक झाला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. वस्तीतले प्रश्न त्याच्याबरोबर वर्गात गेले. 1948 साली न्यूयॉर्कच्याच युनियन थिऑलॉजिकल सेमिनरी या ईशज्ञान विद्यालयातून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी ईस्ट हार्लेममध्ये दुकानाच्या गाळ्यांतून मंडळ्या सुरू केल्या आणि स्वतः त्याच वस्तीत राहायला गेले. त्यांच्यापैकी जॉर्ज वेबर पुढे न्यूयॉर्क थिऑलॉजिकल सेमिनरीचे प्रमुख झाले, आणि त्या संस्थेने आधीच सेवेत असलेल्या शहरी पाळकांना शिकवण्याकडे आपला मोहरा वळवला. 1982 पासून तिने सिंग सिंग तुरुंगातील कैद्यांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रमही चालवला. ईशज्ञानाचा विद्यार्थी कोण असू शकतो, या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

या सर्व प्रयोगांपैकी एकाबद्दल मात्र मी साशंक आहे. 1960 च्या दशकात शिकागोतील एका शहरी प्रशिक्षण केंद्राने पाळकांना आणि विद्यार्थ्यांना खिशात अगदी थोडे पैसे देऊन काही दिवस रस्त्यावर राहायला पाठवण्याची पद्धत रूढ केली. ती अनेक ठिकाणी उचलली गेली आणि तिची सौम्य रूपे आजही ‘शहरदर्शन’ किंवा ‘अनुभव सप्ताह’ म्हणून चालतात. त्यातून माणूस हादरतो, हे खरे आहे. पण ज्याला आठवड्याच्या शेवटी वसतिगृहातील आपल्या खाटेवर परतायचे आहे, त्याला गरिबीतला सर्वांत जड भाग, म्हणजे तिचे न संपणे, अनुभवता येत नाही. शिवाय त्या वस्तीतील लोक विद्यार्थ्याच्या भावनिक जागृतीचे साधन ठरतात, आणि त्यांना त्या बदल्यात काहीही मिळत नाही. एका आठवड्याचे असे दर्शन आणि एकाच मंडळीत दोन वर्षे दर आठवड्याचे दहा तास, यांत निवड करायची झाली तर मी क्षणभरही विचार न करता दुसरे निवडेन. दोन वर्षांत विद्यार्थ्याने दिलेली वचने त्याला पाळावी लागतात, त्याच्याशी भांडलेला माणूस पुढच्या रविवारी पुन्हा भेटतो आणि त्याचा उपदेश कोणाला कंटाळवाणा वाटला हे त्याच्या कानांवर येते.

तरीही केवळ काम करत राहिल्याने माणूस शिकतो, असे मानणे चूक आहे. वर्षानुवर्षे तीच चूक करत राहणेही शक्य असते. येथे देखरेखीचा प्रश्न येतो, आणि त्याबाबत ईशज्ञानाच्या शिक्षणाला सर्वांत मोठे देणे शहरी सेवेच्या चळवळीने नव्हे तर एका मनोरुग्णालयाने दिले. अँटन बॉयसेन हा पाळक स्वतः गंभीर मानसिक आजारामुळे रुग्णालयात राहिलेला होता. 1925 च्या उन्हाळ्यात त्याने अमेरिकेतील वुस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात ईशज्ञानाच्या चार विद्यार्थ्यांना काम देऊन शिकवायला सुरुवात केली. ग्रंथांइतक्याच काळजीने ‘जिवंत मानवी दस्तऐवज’ वाचले पाहिजेत, असा त्याचा आग्रह होता. रिचर्ड कॅबट या डॉक्टरांनी त्याच वर्षी, वैद्यकीय विद्यार्थ्याप्रमाणे ईशज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही प्रत्यक्ष सेवेचे एक वर्ष असावे, अशी मागणी केली होती. यातून वाढलेल्या चिकित्सालयीन पाळकीय शिक्षणात अभ्यासाच्या एका घटकाला किमान 400 तास लागतात; त्यात रुग्णसेवा आणि तिच्यावरील सामूहिक चिंतन हे दोन्ही धरलेले असते. रुग्णालयाबाहेर, शहरातल्या मंडळीत ही पद्धत वापरता येते, आणि ती कशी चालते ते सविस्तर सांगतो, कारण ‘चिंतन’ हा शब्द उच्चारून अनेक अभ्यासक्रम तेथेच थांबतात.

विद्यार्थी आठवड्यातील एका भेटीचे संभाषणवृत्त लिहितो. त्यात तो काय म्हणाला आणि समोरचा काय म्हणाला हे आठवेल तितके जसेच्या तसे, मधल्या थांब्यांसह आणि विषय कोणी बदलला त्याच्या नोंदीसह उतरवलेले असते; नावे अर्थातच बदललेली असतात. समजा, एक स्त्री उपासनेनंतर येते आणि नोकरीसाठी प्रार्थना करा म्हणते. विद्यार्थी प्रार्थना करतो. बोलण्याच्या ओघात ती सांगून जाते की, घरमालकाने महिनाअखेरपर्यंत खोली रिकामी करायला सांगितली आहे आणि नवरा आठवडाभर घरी आलेला नाही. विद्यार्थी दोन्ही वाक्यांवर “देव मार्ग काढील” असे म्हणून निरोप घेतो. पाच-सहा सहाध्यायी आणि एक मार्गदर्शक पाळक यांच्यासमोर हे वृत्त वाचले जाते, तेव्हा त्याने काय ऐकले नाही हे प्रथम समोर येते. मग विचारले जाते की, तो का घाबरला. पैसे मागितले जातील असे वाटले, की नवऱ्याच्या उल्लेखाने त्याच्या स्वतःच्या घरातले काही जागे झाले? त्यानंतर वस्तुस्थिती तपासली जाते: त्या शहरात भाडेकरूला कायद्याचे कोणते संरक्षण आहे, मोफत कायदेविषयक मदत कोठे मिळते, घरात मारहाण होत असेल तर सुरक्षित निवारा कोणता? सर्वांत शेवटी, आणि हे शेवटीच यावे असा माझा आग्रह आहे, ईशज्ञानाचा प्रश्न येतो. “देव मार्ग काढील” हे वाक्य येथे विश्वासाचे होते की सुटकेचे? स्तोत्रसंहितेतील विलापगीते अशा वेळी काय म्हणतात? देवाच्या तरतुदीविषयीची आपली शिकवण घरमालकाच्या नोटिशीसमोर कशी मांडायची? असे तासभराचे एक सत्र वर्षभर दर आठवड्याला झाले, तर त्यातून होणारे शिक्षण कोणत्याही व्याख्यानमालेतून होत नाही.

यासाठी मार्गदर्शक लागतात, आणि खरी टंचाई तेथेच आहे. उत्तम उपदेशक उत्तम मार्गदर्शक असेलच असे नाही. पुष्कळदा तो विद्यार्थ्याचे ऐकण्याऐवजी स्वतःच्या आठवणी सांगतो. मार्गदर्शकांना वेगळे प्रशिक्षण द्यावे लागते, त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा लागतो आणि त्यांचा अभिप्राय पदवीच्या मूल्यमापनात गंभीरपणे धरावा लागतो. विद्यालये ग्रंथालयासाठी निधी राखून ठेवतात. क्षेत्रकार्याच्या देखरेखीसाठी मात्र ‘सद्भावना’ पुरेल असे मानतात. एखाद्या विद्यालयाचा शहरी सेवेचा हेतू किती खरा आहे हे मला त्याच्या अंदाजपत्रकातील या एका ओळीवरून कळते.

विद्यार्थी कोण, या प्रश्नावर बोस्टनचे उदाहरण उपयोगी आहे. गॉर्डन-कॉनवेल सेमिनरीचे मुख्य आवार शहरापासून दूर होते. 1976 मध्ये तिने बोस्टनच्या रॉक्सबरी भागात शहरी सेवेच्या शिक्षणाचे केंद्र काढले, आणि तेथे नोकरी करणाऱ्या पाळकांसाठी संध्याकाळी आणि शनिवारी, एकाहून अधिक भाषांत वर्ग चालू झाले. त्याच वर्षी शिकागोत अनेक सेमिनरींनी एकत्र येऊन शहरी पाळकीय शिक्षणाची सामाईक संस्था उभारली, म्हणजे एकट्या विद्यालयाला न झेपणारे काम वाटून घेतले. इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे जॉन व्हिन्सेंट यांच्या पुढाकाराने शहरी ईशज्ञानाचे केंद्र चालले, आणि 1985 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या आयोगाने शहरांतील वंचित भागांविषयीचा आपला अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा पाळकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्नही त्यात घेतला गेला. या पद्धतीचे एक मूळ शहराबाहेरचे आहे: 1963 मध्ये ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन सेमिनरीने विद्यार्थ्यांना विद्यालयात आणण्याऐवजी शिक्षकांनाच ठरावीक दिवशी विद्यार्थ्यांच्या भागात पाठवण्याचा विस्तार-शिक्षणाचा प्रयोग केला, कारण मंडळीचे खरे पुढारी संसार आणि काम सोडून वसतिगृहात येऊ शकत नव्हते. शहरातील रात्रपाळीच्या कामगार-पाळकाचीही नेमकी हीच अडचण असते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. संध्याकाळचा वर्ग म्हणजे सौम्य केलेला वर्ग, अशी समजूत हळूहळू रुजते आणि तिचा पहिला बळी जातो तो ग्रीक-हिब्रूचा व शास्त्राच्या कसून अभ्यासाचा. शहरातल्या पाळकाला मूळ भाषांची काय गरज, असे म्हणणारे लोक त्या पाळकाला दुय्यम ठरवत असतात. ज्या वस्तीत दर गल्लीत नवा संदेष्टा उगवतो, समृद्धीची हमी विकतो आणि लोकांची बचत घेऊन जातो, तेथे वचन त्याच्या संदर्भात वाचता येणे ही चैन नव्हे. बाबेलला नेलेल्या यहूदी बंदिवानांना संदेष्टा यिर्मयाने त्या नगराचे हित पाहा आणि त्यासाठी प्रार्थना करा असे लिहिले, हे वचन शहरी सेवेच्या प्रत्येक पत्रकावर छापलेले असते. पण ते पराभूत, विस्थापित लोकांना लिहिलेले होते आणि लगेच परतीचे आश्वासन देणाऱ्या खोट्या संदेष्ट्यांच्या विरोधात होते, हे न कळता ते वापरले की त्याचे घोषवाक्य होते. भाषा कमी वेगाने, अधिक वर्षांत शिकवा, पण शिकवा.

शहर वाचण्याची तयारी हा अभ्यासक्रमाचा वेगळा भाग असावा. ग्लासगोमध्ये थॉमस चामर्स या पाळकांनी 1819 पासून सेंट जॉन्स पॅरिशचे, म्हणजे आपल्या मंडळीच्या हद्दीचे, लहान लहान भाग पाडून प्रत्येकावर एका सेवकाची नेमणूक केली. प्रत्येक घर ओळखण्याची ती शिस्त आजही शिकण्यासारखी आहे. मात्र गरिबीचे निवारण मंडळीच्या आणि शेजाऱ्यांच्या दानातून होईल, सार्वजनिक मदत नको, हा त्यांचा आग्रह औद्योगिक शहराच्या गरिबीचे मोजमाप चुकवणारा होता. विद्यार्थ्यांनी दोन्ही गोष्टी शिकाव्यात: घर ओळखणे आणि घरावर परिणाम करणारी सत्ता ओळखणे. जमीन कोणाची, पाणी कोणाच्या सहीने येते, भाडे कोण ठरवतो, शाळा बंद करण्याचा निर्णय कोठे झाला, हे सार्वजनिक कागदपत्रांतून आणि माणसांशी बोलून शोधण्याचे एक ठोस काम प्रत्येक विद्यार्थ्याला द्यावे. अमेरिकेतील लोकसंघटक सॉल अलिन्स्की यांनी 1940 मध्ये सुरू केलेल्या संघटनेतून वाढलेली, एकेका माणसाशी शांतपणे बोलून त्याच्या हिताचा आणि रागाचा विषय जाणून घेण्याची पद्धत अनेक शहरी मंडळ्यांनी स्वीकारली, ती काही उगाच नाही. तिला ईशज्ञानाची जोड मिळाली नाही तर पाळक केवळ कार्यकर्ता उरतो, ही टीकाही मी गांभीर्याने घेतो. 1940 च्या दशकात फ्रान्समध्ये कारखान्यांत कामाला गेलेल्या कॅथलिक कामगार-धर्मगुरूंबाबत रोममधील धर्मसत्तेला हीच भीती वाटली, आणि 1954 मध्ये तो प्रयोग थांबवण्यात आला. 1965 मध्ये त्याला पुन्हा मुभा मिळाली.

इतर धर्मांचे शेजारी हा विषय शहरात टाळता येत नाही. त्याबाबत एवढेच म्हणेन की, अन्न, औषध, शिकवणी किंवा नोकरी यांच्या बदल्यात धर्मश्रद्धेची अपेक्षा ठेवू नये, हा नियम विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात शिकावा, आणि शेजाऱ्यांच्या धर्माविषयी त्या धर्माच्या माणसाकडूनही ऐकावे.

ज्यांकडे विद्यालये तुच्छतेने पाहतात अशा काही गोष्टी शिकवायलाच हव्यात: जमाखर्च लिहिणे आणि तो दुसऱ्याकडून तपासून घेणे, लहान मुलांसोबत एकट्याने न थांबण्याचे नियम, आत्महत्येचे संकेत ओळखून माणसाला डॉक्टरांपर्यंत नेणे, साप्ताहिक सुटी घेणे. यांतील शेवटची गोष्ट शिकवायला सर्वांत कठीण, कारण शिक्षक स्वतः ती घेत नाहीत.

आता मूळ प्रश्नाचा व्यवहार. नवा विषय घालण्याचा ठराव झाला असेल तर तो रद्द करण्याची गरज नाही, पण त्याचे तास व्याख्यानांना न देता वर वर्णन केलेल्या संभाषणवृत्तांच्या सत्रांना द्यावेत. पहिल्या वर्षी तीन किंवा चार मंडळ्यांशीच लेखी करार करावा: विद्यार्थी दोन वर्षे तेथे राहील, मंडळी त्याला केवळ खुर्च्या मांडायला आणि मुलांना गाणी शिकवायला वापरणार नाही, आणि मंडळीतील दोन-तीन वडीलजन त्याच्या कामावर आपले मत देतील. मार्गदर्शकांचे प्रशिक्षण विद्यार्थ्यांच्या आधी सुरू व्हावे, किमान एक शैक्षणिक सत्र आधी. ग्रंथार्थाच्या आणि सिद्धांताच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा या सत्रांत बसावे, बोलण्यासाठी नव्हे तर आपला पुढचा पाठ कोणत्या प्रश्नापासून सुरू करावा हे ऐकण्यासाठी. ज्या विद्यालयांत ही बैठक सुटली तेथे क्षेत्रकार्य आणि वर्ग पुन्हा वेगळे पडलेले मी पाहिले आहेत. संध्याकाळच्या शाखेचा विचार दुसऱ्या वर्षी करावा, आणि तिची जागा विद्यालयाच्या आवारात नसावी. ज्या भागात पाळक आधीच काम करत आहेत तेथील एखाद्या मंडळीचे सभागृह घ्यावे आणि त्याचे भाडे द्यावे. तिच्या पहिल्या तुकडीत निदान निम्मे विद्यार्थी सध्या मंडळी सांभाळणारे असावेत. त्यांच्याकडे प्रवेशाची नेहमीची शैक्षणिक पात्रता नसेल, तर पूर्वानुभवाचे मूल्यमापन करून प्रवेश देण्याची तरतूद संलग्न विद्यापीठाकडून आधी मिळवावी लागेल. तिला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज सर्वांत आधी करावा.